डुकासांच्या मधल्या पिढ्या शोधू नका

बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यातल्या घराण्यांची वंशावळ मांडण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि त्यातल्या डुकास घराण्यावरून माझा प्रबंध आठवला. 907 च्या सुमाराला बंड करून अरबांकडे पळालेला अँड्रोनिकोस डुकास आणि 1071 मध्ये सेल्जुक तुर्कांविरुद्धच्या मांझिकर्टच्या रणातून पिछाडीची फौज घेऊन निघून गेलेला अँड्रोनिकोस डुकास, यांच्या मधल्या पिढ्या सापडत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्या शोधण्यात माझे आठ महिने गेले.

पहिल्या अँड्रोनिकोसचा मुलगा कॉन्स्टंटाइन 913 मध्ये गादी बळकावायला राजवाड्यात शिरला आणि तिथेच मारला गेला. अकराव्या शतकातले डुकास त्या घराचे असलेच तर बायकांकडून, असं बाराव्या शतकातला इतिहासकार झोनारास म्हणतो. अकराव्या शतकातला लेखक प्सेलोस मात्र त्यांना थेट त्याच घराला जोडतो. पण तो डुकास सम्राटांच्याच दरबारातला माणूस, मालकाच्या घराण्याचा मोठेपणा सांगणं त्याच्या सोयीचं होतं. मी त्याचं ऐकलं आणि वरून खाली सरळ रेघ ओढली.

चूक मुळात आडनावाची होती. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय हाडीमाशी भिनलेली, त्यामुळे आडनाव बापाकडूनच येणार हे मी धरूनच चाललो. तिथे तसं नव्हतं. सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसच्या आईचंच बघा. वडील खारोन घराण्यातले, पण ती आयुष्यभर आना डालासिनी, म्हणजे आईच्या माहेरचं नाव लावणारी. त्याच अलेक्सिओसची मुलगी, इतिहास लिहिणारी आना कोम्निनी (कोम्नेनोसचं स्त्रीलिंगी रूप). तिचा नवरा ब्रिएनिओस, आणि मुलं? एक अलेक्सिओस कोम्नेनोस, दुसरा योआनिस डुकास. सख्खे भाऊ, आडनावं दोन, आणि दोन्ही बापाची नाहीत! जे नाव जास्त वजनदार ते लावायचं. म्हणून माझं ठाम मत: आधी लग्नं मांडा, आडनावं शेवटी लिहा.

आता एका संस्थेबद्दल, नाव घेत नाही. मला एका शिशाच्या मोहरेचा, म्हणजे पत्राला लावायच्या ठशाचा, फोटो हवा होता. मोहोर आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढी. पैसे आगाऊ भरले, चार महिने मेलवर मेल केले, शेवटी फोटो आला तो फक्त पुढच्या बाजूच्या देवमातेच्या (येशूच्या आईच्या) चित्राचा. नाव, किताब, पद सगळं मागच्या बाजूला कोरलेलं असतं! परत विचारलं तर म्हणे नवा अर्ज करा, नवं शुल्क भरा. प्रबंध द्यायची तारीख तोवर उलटून गेली होती. त्या माणसांना आपण काय अडवून ठेवलंय याची जाणीवसुद्धा नव्हती, याचा मला आजही राग येतो. तुम्ही पहिल्याच अर्जात "दोन्ही बाजू, मोजपट्टीसह" असं लिहा.

वंशावळीत मुलकी घराणी निळ्या आणि लष्करी घराणी लाल रंगात दाखवायचा तुमचा विचार आहे. फोकास घराण्यापुरतं ते चालेल, पिढ्यान् पिढ्या सेनापतीच. पण कॉन्स्टंटाइन दहावा डुकास मुलकी पक्षाचा सम्राट गणला जातो, आणि त्याच्याच भावाचा मुलगा तो मांझिकर्टवाला. रंग माणसाला द्या, घराण्याला नको. शिवाय किताब आणि पद वेगवेगळ्या रकान्यांत हवं: पात्रिकिओस हा किताब, स्त्रातिगोस (सेनापती) हे पद. यातलं काहीच देशमुखीच्या वतनासारखं मुलाकडे आपोआप जात नसे, सम्राटाकडून मिळवावं लागे. किताबाचं मोल बघायचं तर इटलीहून आलेला वकील लिउतप्रांद याने 950 मध्ये पाहिलेलं पगारवाटप वाचा. मागिस्त्रोसला (पात्रिकिओसच्या वरचा किताब) 24 पौंड सोनं, पात्रिकिओसला 12, आणि वाटप तीन दिवस चाललेलं.

मी इतिहास शिकवत नाही, नोकरी वेगळी आहे, तेव्हा उच्चार आणि बारकावे कुणा जाणकाराकडून तपासून घ्या. दहाव्या शतकातल्या मोहरांवर आडनाव बहुधा नसतंच, तेव्हा नुसतं "अँड्रोनिकोस, पात्रिकिओस" दिसलं तर त्याला डुकास ठरवू नका. तुमच्याकडच्या मोहरेच्या मागच्या बाजूचा मजकूर इथे टाका, मी वाचून बघतो.