क्लास सोडला तर मुलगी मागं पडेल का?

दहावीचा निकाल लागला की सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो. "मॅडम, हुशार आहे हो. आयआयटीच्या जेईईला नाही बसवलं तर मागं पडेल का?" कुणाला क्लाससाठी लातूर की पुणे हे ठरवायचं असतं, कुणी आठवीपासूनच 'फाउंडेशन' क्लास लावू का विचारतं, कुणी ऑलिंपियाडच्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल टेबलावर ठेवतं. मूल शेजारी बसलेलं असतं, बोलत मात्र पालकच असतात. दुसरी गर्दी दिवाळीनंतर होते. बाहेरगावी पाठवलेली मुलं सुट्टीला घरी येतात आणि परत जायला तयार होत नाहीत.

ऋता त्या दुसऱ्या गर्दीतली. नाव बदललं आहे, घराचे तपशीलही थोडे हलवले आहेत.

तासगावकडचं द्राक्षबागायतदार घर. आई अंगणवाडी सेविका. ऋता दहावीला शाळेत पहिली आली, म्हणून पुण्यात 'इंटिग्रेटेड'ला घातली. म्हणजे नाव एका कॉलेजात, मुक्काम क्लासमध्ये, दर रविवारी टेस्ट आणि टेस्टच्या गुणांवर बॅच. सुरुवातीला ती वरच्या बॅचला होती, दसऱ्यापर्यंत दोन बॅच खाली आली. सुट्टी संपली त्या दिवशी बॅग भरून तयार होती, पण ही अंथरुणातून उठलीच नाही.

पहिल्या भेटीत वडीलच बोलले. "बागेचं काय सांगता येतंय का मॅडम? एक अवकाळी झाला की वर्ष गेलं. हिनं तरी यातनं बाहेर पडावं, एवढंच." अशा पालकांना हावरट ठरवून झोडपणारे लेख खूप लिहिले जातात. मला ते पटत नाहीत. छाटणीनंतर महिनोन्महिने आभाळाकडे बघत काढणाऱ्या माणसाला मुलीसाठी काहीतरी हमखास हवं असतं, आणि हमखास असल्यासारखी दिसणारी एकच वस्तू बाजारात जोरात विकली जाते.

झोप, जेवण आणि "जगणं नकोसं वाटतं का?" हे मी पहिल्याच भेटीत मुलीला एकटीला सरळ विचारते. विचारल्यानं कल्पना सुचत नाही, उलट मोकळं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टर, ॲडमिशनचं मग बघू. (अडचणीच्या वेळी टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो.) ऋताचं तसं नव्हतं. ती थकली होती आणि स्वतःला ढ समजायला लागली होती.

"तुला आवडतं काय?"

"काहीच नाही."

या उत्तराला मी घाबरत नाही. सोळाव्या वर्षी 'पॅशन' सापडलीच पाहिजे, हा रँकइतकाच जाचक हट्ट आहे. ऋताला दुसरं काहीतरी समजणं गरजेचं होतं. ती पाच महिन्यांत ढ झाली नव्हती, तिच्या आजूबाजूची मुलं बदलली होती. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं यावर खूप काम केलं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. निवडक हुशार मुलांच्या वर्गात पडलेलं मूल स्वतःला कमी समजू लागतं, साध्या वर्गातलं मूल तसं समजत नाही. मोठ्या तळ्यात सोडलेला मासा आपल्याला लहान भासतो, तसं. हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "म्हणजे मी तेवढीच आहे?"

"तेवढीच. कदाचित जरा जास्तच. सेमिकंडक्टरचा धडा तरी आता येतो की नाही?"

"येतो थोडा," म्हणाली, आणि ओशाळून हसली.

पुढच्या एका भेटीला मी वडिलांनाही आत बसवलं. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. ऋतापुढे कोरा कागद ठेवला. "समज, आत्ताच कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय. कॉलेजचं नाव लिहायचं नाही. तुला कसं कॉलेज हवं ते एकाखाली एक लिही. सगळ्यात महत्त्वाचं वर."

बराच वेळ ती पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. पहिल्या ओळीत होतं, 'जिथून पप्पांना मेसेज जात नाही.'

मी ते मोठ्यानं वाचलं. टेस्ट झाली की क्लासकडून रँक वडिलांच्या मोबाइलवर यायची. हे मला माहीत होतं, पण ते यादीत सगळ्यात वर असेल असं वाटलं नव्हतं. वडील चिडतील असा माझा अंदाज होता. ते वाकून कागदाकडे बघत राहिले. माझ्या ओठावर समजावणीची दोन वाक्यं तयार होती, ती मी गिळली. खोटं कशाला बोलू, त्या गप्प बसण्याचं मला आजही कौतुक वाटतं.

शेवटी तेच म्हणाले, "अगं, फोनवर तू बोलतीस कुठं? जेवले, बरी आहे, ठेवते. मेसेज आला की मला कळायचं, पोरगी आहे तिथं, उठून पेपरला बसली."

"मग रँक खाली गेली की फोन का नाही करायचात?"

"तुला आणखी त्रास नको म्हणून."

"मला वाटायचं, तुम्ही चिडलाय. बोलायचं बंद केलंय."

त्यानंतर दोघंही रडले. मी पाण्याचे पेले पुढे केले आणि पुन्हा गप्प बसले.

माझी घडण कुटुंबासोबत काम करणाऱ्यांच्या परंपरेतली आहे. एकट्या मुलाला 'दुरुस्त' करून घरी पाठवणं मला कधीच पटलेलं नाही, आणि त्या दिवशी पुन्हा एकदा त्याचं कारण दिसलं. या घरात काळजी, माया, राग, माफी सगळं एका आकड्यातून ये-जा करत होतं. तिला आकड्याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती आकडा घसरला की बाप हातचा जाईल ही होती. नुसता क्लास बदलून ती भीती गेली नसती. दुसऱ्या क्लासचेही मेसेज आलेच असते.

म्हणून पहिलं काम ॲडमिशनचं नव्हतं. मेसेज बंद केले. रोज संध्याकाळी बापलेकीनं बागेत एक चक्कर मारायची आणि अभ्यास सोडून काहीही बोलायचं, एवढाच गृहपाठ दिला. पहिले काही दिवस दोघं म्हणे द्राक्षाच्या भुरी-डावणी रोगांवरच बोलत होते. चालेल की!

पुढचं सगळं हिशेबाचं होतं, आणि इथे पालकांना मी आकडे दाखवते. २०२५ मध्ये जेईई मेन देणारी मुलं चौदा लाखांवर होती. पुढच्या ॲडव्हान्स परीक्षेला त्यातली अडीच लाख पात्र ठरतात आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा सुमारे अठरा हजार. ज्याला त्या गणितांची मजा वाटते त्यानं जरूर जावं, मी कुणाला अडवत नाही. पण बाकीच्यांसाठी राज्याची सीईटी ही प्रवेशपरीक्षा म्हणजे काही दुय्यम रस्ता नाही. तिचा अभ्यासक्रम आपल्याच बोर्डाचा, भर बारावीवर, अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. रात्री नीट झोपणारं, कॉलेजला जाऊन प्रॅक्टिकल करणारं मूल ती चांगली देऊ शकतं.

ऋतानं पुण्याचं सोडून घराजवळच्या कॉलेजात बदली घेतली. दाखले, परवानग्या यांत वडिलांची बरीच धावपळ झाली. क्लासची उरलेली फी मात्र परत मिळाली नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यांत आहे. पण त्या सूचना आहेत, अंमल राज्यांवर सोपवलेला. तेव्हा पैसे भरण्याआधी परतीची अट लेखी घ्या आणि एकरकमी भरू नका.

बारावीच्या वर्षी मी दोघांना कॉलेजं बघायला पिटाळलं. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी कॉलेज आहे, १९४७ पासूनचं. कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी आहे, १९६० पासूनचं. लोक पुण्या-मुंबईची नावं घोकतात आणि तासाभरावरच्या कॉलेजच्या फाटकातून आत गेलेले नसतात. आत गेलात तर प्राचार्यांना भेटू नका. मेसमध्ये जेवा, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा: लॅब कितीला बंद होते, विषय राहिला तर सर शिकवतात का, गेल्या वर्षी इथून कुणाला कुठे नोकरी लागली. ऋतानं पाठकोऱ्या कागदावर उत्तरं लिहून आणली होती. एका ठिकाणाबद्दल लिहिलं होतं, 'सर चिडतात पण परत सांगतात.' माझ्या मते कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा ही ओळ जास्त उपयोगाची आहे.

ऑप्शन फॉर्मबद्दल थोडं. गेल्या वर्षीचे कटऑफ जरूर बघा, पण क्रम त्यावरून लावू नका. खरोखर जायचंय ते वर, मग त्याखालचं. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून शेजारच्यांना सांगायला बरं दिसणारं नाव तिथे टाकू नका. आणि मुलगी असेल तर हे नक्की वाचा. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण माफ करतं. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. 'नावाजलेल्या' खासगी कॉलेजात कोट्यातून जागा घेण्यासाठी जमीन गहाण टाकायला निघालेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, आणि त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती.

ऋता आता सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला आहे. सीईटीचा पर्सेंटाइल फ्लेक्सवर लावण्याजोगा नव्हता, जागा मिळण्यापुरता होता. कॉम्प्युटर मिळत होतं, एका लांबच्या खासगी कॉलेजात. तिनं विचार करून सोडलं. पहिल्या सेमिस्टरला गणितात राहिली, हे तिनं वडिलांना स्वतः फोन करून सांगितलं. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

वडिलांना अजून वाटतं की ती पुण्यात आणखी सहा महिने टिकली असती तर जमलं असतं. परवा फोनवर तसं म्हणालेही. मी वाद घातला नाही. फीमाफीचा यंदाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरताना उत्पन्नाचा दाखला अपलोड होत नव्हता, म्हणून त्यांनी फोन केला होता. तेवढं सांगून ठेवला.