घरची आंब्याची बाग असताना चार वर्षं कृषी पदवीला द्यावीत का? आणि दापोलीला शिकलेले लोक आपल्या कॉलेजबद्दल एवढे भरभरून का बोलतात?

तू लिहिलं आहेस की बारावी झाली, राजापूरकडे घरची हापूस आणि काजूची बाग आहे. काका म्हणतात, ‘पुस्तकं वाचून झाडाला आंबा वेगळा लागणार आहे का?’ आणि दापोलीहून शिकून आलेले दोघं भेटले की कॉलेजचाच विषय काढून बसतात, ते का, असंही विचारलं आहेस. माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते. मी दापोलीच्या कृषी महाविद्यालयाची बी.एस्सी. (कृषी). आता गुहागर तालुक्यात नवरा आणि मी कलमांची रोपवाटिका चालवतो. माझं म्हणणं विचारशील तर जा. डोळे मिटून जा असं म्हणत नाही, कारणं सांगते.

आधी काकांचं बघू. हापूस एक वर्ष भरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यावर पॅक्लोब्यूट्राझोल, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला कल्टार म्हणतात ते, कसं वापरायचं याची शिफारस दापोलीच्याच विद्यापीठाने बसवून दिली. आज कोकणात कल्टार न वापरणारा बागायतदार शोधावा लागेल. पण ते वापरतात कसं? बाग तीन-चार वर्षांच्या कराराने घेतलेला माणूस बाटलीच्या हिशोबाने ओततो. त्याला करार संपेपर्यंतचं उत्पन्न हवं असतं, पुढे झाड झिजलं तर ते मालकाचं.

आम्हाला ते असं शिकवलं: टेप घेऊन झाडाचा विस्तार आधी पूर्व-पश्चिम मोजायचा, मग दक्षिणोत्तर. दोन्हींची बेरीज करून निम्मी करायची. आलेल्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली औषध. ते पाण्यात मिसळून, बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या साधारण मध्यावर गोलाकार २५ ते ३० भोकं पाडून सारखं वाटून ओतायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्टची. दहा वर्षांच्या आतल्या झाडाला हात लावायचा नाही आणि खताची मात्रा चुकवायची नाही. का, तेही शिकवलं. हे द्रव्य झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, दाबतं, म्हणून पालवी कमी येते आणि मोहोर धरतो. झाडाची ताकद मात्र त्याने वाढत नाही, ती खतातूनच यावी लागते. हे ‘का’ डोक्यात बसलं की दुकानदार ‘ताई, यंदा थोडं जास्त टाका’ म्हणाला तरी हात हलत नाही. पदवीने मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी पहिल्यांदा हे सांगते.

असं बरंच काही आहे. देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला त्याच विद्यापीठाचा. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही आणि देठाकडची कूज कमी होते. सोळापैकी चौदा आणे तयार झालेला आंबा काढावा म्हणजे साक्याचं, म्हणजे गर आतून खराब होण्याचं, प्रमाण घटतं, हेही तिथलंच सांगणं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तुझ्याच बागेत असतील बघ. पूर्वी बी टोकून काजू लावत, दहा झाडं दहा तऱ्हेची व्हायची. रत्ना (१९८१) आणि सिंधू (१९९२) हे आंबेही तिथलेच. रत्ना दरवर्षी धरतो, गराला धागा नाही. सिंधूची कोय अगदी पातळ. तरी बाजारात नाव हापूसचंच चालतं, हे मान्य करायला हवं. माझ्याकडेही मागणी हापूसच्याच कलमांना असते.

आता आठवणींचं. पावसाळ्यात आमचं प्रात्यक्षिक रोपवाटिकेत चालायचं. कोय कलम बांधायचं म्हणजे रुजून आलेली तांबूस, कोवळी रोपं कोयीसकट उचलायची, कोयीपासून चार बोटं ठेवून शेंडा छाटायचा, मधोमध उभा काप घ्यायचा. कलमकाडी म्हणजे चांगल्या झाडावरून घेतलेली काडी, तिची पानं आठ-दहा दिवस आधीच कापून ठेवलेली असतात, म्हणजे तिचा डोळा फुगतो. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती कापात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. तिथले एक जुने माळीमामा होते, शाळा फार शिकलेले नव्हते. आमचे सर, पीएच.डी. झालेला माणूस, आम्हाला म्हणाले, ‘सुरी धरायला मामांकडून शिका, मी फक्त कारण सांगेन.’ मामा माझ्या हातातली काडी घेऊन बोट फिरवायचे आणि म्हणायचे, ‘बाय, काप एका दमात यायला हवा. करवतलीस तर दोघांची साल जुळायची नाय.’ मग सर सालीखालचा तो पातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे, खुंट (खालचं रोप) आणि काडी जिथे एकजीव होतात तो. मामांचं बोट आणि सरांची काच, दोन्ही एकाच आठवड्यात मिळायचं. हे घरच्या बागेत एकट्याने शिकता येतं का? येईल कदाचित, पण अर्धं आयुष्य जाईल.

वसतिगृहात माझी जोडीदारीण लातूरकडची होती. तिने समुद्र पाहिला नव्हता आणि मी तुरीचं शेत पाहिलं नव्हतं. दापोलीच्या पावसात तिचे कपडे आठवडा-आठवडा वाळत नसत, वह्यांना बुरशी यायची, मेसचा रोजचा भात बघून ती भाकरीच्या आठवणीने रडायची. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायला मी तिला पहिल्यांदा नेलं. पुढे सुट्टीत मी तिच्या घरी गेले, तेव्हा विहीर कोरडी पडणं म्हणजे काय ते कळलं. पाणी जपून वापरायची सवय मला त्या घराने लावली. आजही काही अडलं की मी आधी तिला फोन करते. तालुका कृषी कार्यालयात, बँकेत, खताच्या कंपनीत आमच्यातलं कुणी ना कुणी असतं, आणि ‘दापोलीचा का?’ एवढं विचारलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तुझ्या गावातले ते दोघं भरभरून बोलतात त्याचं कारण हेच असावं. राहुरी, अकोला, परभणीची मुलंही आपापल्या विद्यापीठाबद्दल असंच बोलतात, विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ सांस्कृतिक महोत्सवात किंवा ‘अश्वमेध’ क्रीडा स्पर्धेत तर घसा बसेपर्यंत ओरडतात.

मला या निष्ठेमागे आणखी एक गोष्ट दिसते. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, शंभरेक मैल. आणि तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना बसू दिलं नाही. त्याच माणसाने १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. कोकणातल्या हुशार माणसाला शिकायचं तर घाट चढावा लागे, नाहीतर बोटीने मुंबई गाठावी लागे, आणि शिकलेला बहुधा परत येत नसे. कृषी महाविद्यालय १९६५ ला आलं, विद्यापीठ १८ मे १९७२ ला. आपल्या जांभ्या दगडाचा, आपल्या पावसाचा, आपल्या फळांचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात होऊ लागला. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, आणि ती मुलं मग पुण्या-मुंबईला जातात. इथेच राहून शिकता येण्यासारखी जी थोडी ठिकाणं आहेत त्यांच्याबद्दल मला प्रेम वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

नोकरीची हमी मात्र समजू नकोस. माझ्या वर्गातले बरेच जण पदवीनंतर पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेले. काही अधिकारी झाले, काहींची उमेदीची वर्षं खोलीभाड्यात गेली. तुझ्या हाताशी बाग आहे, म्हणून तुझं गणित वेगळं आहे. पदवी घेऊन बागेत परतलास तर रोपवाटिका काढता येईल, कीटकनाशक विक्रीचा परवाना घेता येईल (त्याला आता कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी वा ठरावीक पदविका लागते), प्रक्रिया उद्योगासाठी बँकेशी बोलताना प्रकल्प अहवाल स्वतः वाचता येईल. शेवटच्या वर्षाकडे ‘रावे’ असतं, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं सत्र. ते मनापासून कर. काही मुलं तिथे फक्त वह्या भरतात, त्याचा मला फार राग येतो.

प्रवेश सीईटीवर होतो. सातबारा आणि शेतकरी असल्याचे कागद तलाठ्याकडून आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी रांग लागते. आणि अर्ज भरण्याआधी एकदा दापोलीला जाऊन ये, काकांनाही बरोबर ने. फळबागेच्या प्रक्षेत्रावर त्यांना त्यांचे प्रश्न विचारू देत. आंबा मोहोरून का गळतो, फुलकिडे का आवरत नाहीत, असं मनात असेल ते सगळं. बागायतदार आला की तिथली माणसं वेळ काढून बोलतात.