काचेच्या चंबूतला पारा तापवला तर किती सांडेल? माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही

तुमचं गणित असं आहे: 500 मिलिलिटरचा काचेचा चंबू 20 अंश सेल्सिअसला पाऱ्याने काठोकाठ भरलाय, तो 80 अंशांपर्यंत तापवला तर किती पारा सांडेल? तुम्हाला 5.46 मिलि आलं, पुस्तकात 4.65 आहे. पुस्तक बरोबर आहे. तुमचा गुणाकारही चुकलेला नाही, फक्त चंबू हिशेबात घ्यायचा राहिला.

पाऱ्याचा घनीय प्रसरणांक, म्हणजे एक अंश तापल्यावर आकारमान मूळच्या किती भागाने वाढतं तो आकडा, दर अंशाला 0.000182. म्हणून 500 × 0.000182 × 60 = 5.46 मिलि, हे पाऱ्याचं खरं प्रसरण. पण काचही तापलीच की! साध्या काचेचा रेषीय (म्हणजे लांबीच्या वाढीचा) प्रसरणांक 0.000009 धरा, घनीय त्याच्या तिप्पट, 0.000027. 500 × 0.000027 × 60 = 0.81 मिलि, एवढी जागा चंबूतच वाढली. 5.46 मधून 0.81 गेले, उरले 4.65. याला आभासी प्रसरण म्हणतात.

इथे बरेच जण वजा करण्याऐवजी बेरीज करतात. काच फुगली म्हणजे आतली जागा कमी झाली, असं वाटतं, मलाही वाटायचं. बरणीचं घट्ट बसलेलं धातूचं झाकण गरम पाण्याखाली धरून बघा. ते सैल होतं. धातू आतल्या बाजूला फुगला असता तर झाकण आणखी आवळलं असतं. पोकळी वाढते ती जणू त्याच पदार्थाने गच्च भरलेली असावी तशी.

चंबूच्या बुचात बारीक नळी बसवून त्यात रंगीत पाणी भरा आणि चंबू एकदम गरम पाण्यात बुडवा. नळीतली पातळी आधी खाली उतरते! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बूच गळतंय समजून ते दाबत बसलो होतो. काच आधी तापते, क्षणभर तिचंच प्रसरण दिसतं. उष्णता पाण्यापर्यंत पोचली की पातळी मूळ खुणेच्याही वर चढते.

हेच गणित पाण्याचं असेल तर मात्र जपून. 20 अंशांना पाण्याचा प्रसरणांक सुमारे 0.00021, पण तो तापमानाबरोबर भराभर वाढतो. तोच आकडा 80 पर्यंत ओढला तर प्रसरण 6.3 मिलि येतं. घनतेवरून काढा: 20 अंशांना मिलिलिटरला 0.9982 ग्रॅम, 80 ला 0.9718. 500 × 0.9982 ÷ 0.9718 = 513.6, म्हणजे 13.6 मिलि, दुपटीहून जास्त. त्यातून काचेचे 0.81 वजा करायला विसरू नका.