वाचकांचे प्रश्न : हलगीच्या ठेक्यावर बीट करायची, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

प्रश्न : माझ्याकडे 8 जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. हलगी-संबळाच्या ठेक्यावर इलेक्ट्रॉनिक बीट करायच्या आहेत. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह की रीपर? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : हलगी तयार सॅम्पलमधून (आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांतून) घेणार की वादकाला बसवून रेकॉर्ड करणार, हे आधी ठरवा. किक, स्नेअर, हायहॅट हे ड्रमचे आवाज माउसने मांडायचे असतील तर एफएल स्टुडिओइतकं सोपं दुसरं नाही, आणि एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. पण त्याच्या स्वस्तातल्या फ्रूटी आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, त्यासाठी प्रोड्यूसर आवृत्ती लागते. पैसे भरण्याआधी हे नक्की बघा. रीपर जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं, रेकॉर्डिंगला पक्कं आहे, 60 दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा आहे. ड्रमचे आवाज मात्र सोबत येत नाहीत, ते तुम्हालाच जमवावे लागतील. एबलटन लाइव्ह घ्यावं ते स्टेजवर वाजवणाऱ्यानं : क्लिप (आवाजाचा तयार तुकडा) कधीही दाबली तरी ती पुढच्या बारच्या, म्हणजे ठरावीक ठोक्यांच्या गटाच्या, सुरुवातीलाच सुरू होते, ठेका मोडत नाही.

वादक हाताशी असेल तर आम्ही रीपरच सुचवू. हलगीचा टोला फार तीव्र असतो, म्हणून माइक दोन-तीन फूट लांब ठेवा आणि सगळ्यात जोरदार टोल्यालाही मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा आवाज फाटला की नंतर पुरता सुधारत नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा वादकाच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगा. वादकाच्या कानात हेडफोनवर क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) द्या. नाहीतर लय नकळत चढत जाते आणि दहा-बारा बारनंतर तुमची किक एकीकडे अन् हलगी दुसरीकडे पडते.

नवखे हमखास अडकतात ते मात्रांपाशी. एफएल स्टुडिओचा पॅटर्न (ठेका मांडायची चौकट) 16 घरांचा उघडतो. केरवा तालाच्या आठ मात्रा त्यात नेमक्या बसतात, दादऱ्याच्या सहा बसत नाहीत. ओढूनताणून बसवल्या तर सम (तालाची पहिली मात्रा) दर फेरीला सरकते. टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती बीट ते सांगणारं सेटिंग) 3/4 करा, म्हणजे 12 घरं मिळतील. दर मात्रेला दोन घरं द्या : सम पहिल्या घरावर, ‘खाली’ (चौथी मात्रा) सातव्यावर. इथं एका बीटमध्ये (टेम्पो मोजायच्या एका ठोक्यात) दोन मात्रा येतात, म्हणून मिनिटाला 200 मात्रांची लय हवी असेल तर टेम्पो 100 ठेवा.

प्रश्न : वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि गाणं वाजताना चटचट आवाज येतो. रॅम वाढवू का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : रॅमवर खर्च करण्याआधी पॉवर सेटिंग तपासा. बॅटरी वाचवायला विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवते, मग आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत तयार होत नाही आणि मधेच खंड पडतो. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा आणि म्युझिक सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर (वाजण्याआधी तयार ठेवलेला आवाजाचा साठा) वाढवा. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाच्या तितक्या नोंदी, इथं अशा एका नोंदीला सॅम्पल म्हणतात) 256 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 6 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे सुमारे 23. कीबोर्ड वाजवून नोट भरताना 256 ठेवा, कारण जास्त बफरला कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. मिक्सिंगला (सगळे आवाज एकत्र जुळवताना) 1024 बिनधास्त चालतो. एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉप गादीवर ठेवला तर हवा कोंडते, तो तापतो, प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो आणि हाच त्रास चार्जर लावलेला असतानाही होतो. फळी किंवा स्टँड वापरा.

प्रश्न : शिकेपर्यंत क्रॅक केलेली आवृत्ती वापरली तर? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नको. क्रॅक टाकायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच फटीतून व्हायरस शिरतो. शिकायला ट्रायल पुरेशी आहे. एफएल स्टुडिओच्या ट्रायलला मुदत नाही आणि गाणं वेव्ह फाइल म्हणून बाहेरही काढता येतं. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून एक बीट एका बैठकीत संपवा आणि उठण्याआधी किक, बेस, हलगी वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. त्या फाइल पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतील.