डॉसियरला दप्तर म्हणा

प्रश्न: विभागातल्या निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापकांचं नाव एमेरिटस पदासाठी विद्यापीठाला सुचवायचं आहे. सोबतच्या डॉसियरला, म्हणजे कागदपत्रांच्या संचाला, मराठीत 'नामांकन दस्तऐवज' म्हणावं का?

उत्तर: नाही, दोन्ही शब्द चुकीचे आहेत. 'नामांकन' हिंदी बातम्यांतून आलं आणि आता पुरस्कारांच्या प्रत्येक बातमीत कानावर आदळतं. मराठीत 'नामांकित' म्हणजे नावाजलेला. नाव सुचवण्याला 'नामनिर्देशन' हा शब्द आपल्याकडे आहे, निवडणुकीच्या कागदांवर तोच छापलेला असतो. आणि 'दस्तऐवज' हा एकेक कागद. फारसी 'दस्त' म्हणजे हात. हाताशी धरून ठेवावा असा लेखी आधार तो दस्तऐवज. प्रकाशनांची यादी, विभागाचा ठराव, बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं हे सगळे दस्तऐवजच. ते एकत्र बांधले की होतं दप्तर!

दप्तर म्हटलं की शाळेची पिशवी आठवते, हा आक्षेप मला पटत नाही. पुण्याचं पेशवे दप्तर काय शाळेचं आहे? मोडी कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवायचे, ते दप्तर. हिंदी-उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी झाली, मराठीने कागद सोडले नाहीत. माझं मत असं, की पाटी-पुस्तकं फडक्यात बांधून शाळेत निघालेल्या पोराच्या गाठोड्याला हे नाव या रुमालांवरूनच मिळालं. डॉसियर हा फ्रेंच शब्दही 'दो' म्हणजे पाठ यावरून आला आहे, गठ्ठ्याच्या पाठीवर चिठ्ठी लावत म्हणून. मुलांच्या पाठीवर दप्तर असतं हा निव्वळ योगायोग, पण किती गोड!

खरी मौज पुढेच आहे. दफ्तर फारसीत आलं ते ग्रीक 'दिफ्थेरा'पासून. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या पुस्तकांनाही 'कातडी' म्हणत, कारण पूर्वी पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला 1826 मध्ये ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरने याच शब्दावरून नाव दिलं, तोच डिप्थीरिया, आपला घटसर्प. शाळेचं दप्तर आणि घटसर्प एकाच घरचे!

काही अभ्यासक दफ्तरचं नातं जुन्या फारसीतल्या 'दिपि'शी, म्हणजे लेखनाशी लावतात. मला ते साफ अमान्य आहे. दिपि अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात आहे, आपली 'लिपी' तिच्याशी जोडली जाते, शिवकाळातला परराष्ट्र व्यवहार पाहणारा मंत्री 'डबीर', तो शब्दही त्याच कुळातला. पण दफ्तरमधला 'त' आणि 'र' दिपितून कसा काढणार? दिफ्थेरात दोन्ही जागच्या जागी आहेत. अर्थ जुळतो म्हणून व्यंजनांकडे डोळेझाक करणं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

एमेरिटसचंही सांगतो. त्याला 'मानद' लिहू नका. मानद म्हणजे ऑनररी. लॅटिनमध्ये एमेरिटस म्हणजे नेमून दिलेली सेवा पुरी करून मोकळा झालेला, रोमन सैनिकांना हा शब्द लावत. 'गुणश्री प्राध्यापक' हा चांगला पर्याय प्रचारात आहे. तेव्हा मुखपृष्ठावर लिहा: 'गुणश्री प्राध्यापकपदासाठी नामनिर्देशन: दप्तर'.