आधी कूलरचं बघा, दुसऱ्या मशीनचं नंतर

ताई, तुम्ही परभणीहून लिहिलंय की पाच वर्षांची मुलगी रात्री दोन-अडीचला खोकत उठते, नाक चोंदलेलं असतं, म्हणून मार्चमध्ये बेडरूमसाठी एअर प्युरिफायर घेतला. मशीनवर कायम हिरवा दिवा असतो, पण झोपेत फरक नाही, आणि आता दुकानदार म्हणतोय मोठं मॉडेल घ्या. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: 'खिडकीत कूलर आहे, त्यामुळे खोली थंडच असते.' ती ओळ वाचली आणि दिवसभर थकलेला असूनही हे लिहायला बसलो. मोठं मॉडेल घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नकोच.

आमचं घर जालन्यात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या बाजूला. उन्हाळ्यात हरभरा-गहू, दिवाळीच्या आसपास सोयाबीन-मका. पोती उतरतात, चाळण्या चालतात, ट्रक जातात. सकाळी पुसलेली टेबलाची काच दुपारी बोटाने नाव लिहिता येईल अशी होते. २०२२च्या उन्हाळ्यात मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचं दुखणं डिट्टो तुमच्या मुलीसारखं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साडेनऊ हजारांचा प्युरिफायर आणला. खोली दहा बाय बारा, मशीन त्या खोलीला पुरेसं होतं, हे आज मी हिशेब करून सांगू शकतो. तेव्हा तो हिशेब केला नाही. खिडकीत पंचावन्न लिटरचा कूलर रात्रभर चालू आणि पलंगाशेजारी प्युरिफायर रात्रभर चालू. असे पंचवीस दिवस गेले. खोकला तसाच. बायको एका रात्री म्हणाली, "लेकरू खोकलायलंय अन् तुम्ही त्या दिव्याचा रंग बघायलेत." तिचं बरोबर होतं.

हिशेब असा आहे. दहा बाय बारा खोली, उंची दहा फूट, म्हणजे आत साधारण ३४ घनमीटर हवा. प्युरिफायरच्या खोक्यावर सीएडीआर लिहिलेला असतो, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा. माझ्या मशीनचा २५० घनमीटर होता. म्हणजे खोलीतली हवा तासाला सात वेळा गाळून निघते, बंद खोलीसाठी हे उत्तम आहे. आता कूलरच्या खोक्यावरचा आकडा बघा. घरगुती डेझर्ट कूलरवर तासाला तीन-चार हजार घनमीटर लिहिलेलं असतं. तीन हजार धरले तरी तो खोलीतली सगळी हवा तासाला ऐंशी-नव्वद वेळा बाहेर ढकलतो आणि बाहेरची आत आणतो. मिनिटाला एकदाहून जास्त! प्युरिफायरला एक फेरी पूर्ण करायला आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात हवा दहा-बारा वेळा बदललेली असते. बाहेरून शंभर कण आले तर त्यातले सात-आठ मशीनच्या वाट्याला येणार, बाकीचे तुमच्या मुलीच्या नाकासमोरून जाणार. सीएडीआर दुप्पट केला तर सात-आठचे चौदा होतील. ओल्या जाळीत मोठी धूळ थोडी अडकते हे मान्य, पण बारीक कण अडकत नाहीत.

आणि कूलरचं काम तेच आहे, त्याला दोष नाही. दार-खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलर गार करतच नाही, नुसतं चिकचिक होतं. प्युरिफायरला खोली बंद लागते. दोन्ही एकाच वेळी एका खोलीत चालू शकत नाहीत, एवढीच गोष्ट आहे, पण ती मला कुणी सांगितली नाही.

इथे माझं खरं नुकसान झालं. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, एकदा नव्हे, सात वेळा. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार नंबर, परत पहिल्यापासून मॉडेल सांगा, पिनकोड सांगा. चौथ्या फोनला एकाने खोलीचं माप विचारलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या एरियात डस्ट जास्त आहे, मशीन कमी पडतंय, वरचं मॉडेल घ्या." मी घेतलं. चौदा हजारांचं, हप्त्यावर. मे महिन्यात घरात दोन प्युरिफायर आणि एक कूलर, तिन्ही चालू, आणि पोरगं उशी उंच करून बसून झोपतंय. पुढे पहिल्या मशीनला कुबट वास यायला लागला. संभाजीनगरहून माणूस यायला अकरा दिवस लागले. त्याने फिल्टर काढला, हात लावला, म्हणाला ओल लागली आहे, हे वॉरंटीत बसत नाही. नवा फिल्टर अठ्ठावीसशे रुपये. मी विचारलं, बाबा, खोलीत ओल कुठून येणार, हा जालन्याचा मे महिना आहे. तेव्हा त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं. 'खोलीत कूलर आहे का?' हा पाच सेकंदांचा प्रश्न सात फोनमध्ये एकानेही विचारला नव्हता. मराठवाड्यात मशीन विकता तर हा प्रश्न तुमच्या यादीत पहिला पाहिजे. इथे एसीवाल्या घरांपेक्षा कूलरवाली घरं कितीतरी जास्त आहेत, हे विकणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. पैशांपेक्षा लेकराची दोन महिन्यांची झोप गेली, त्याचा राग अजून आहे.

ओलीचा मुद्दा इथेच संपत नाही. आपल्या उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की गादीतले धूळकिडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे माइट्स, तिच्यात नीट तग धरत नाहीत. त्यांना दमटपणा लागतो. आपण कूलर लावून सगळ्या घरात तेवढी एक खोली दमट करतो आणि नेमकं त्याच खोलीत कापसाच्या गादीवर लेकराला झोपवतो. त्यात कूलरचं पाणी आपण आठवडा-आठवडा बदलत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात राहणारे आपण. कूलरची टाकी ओतून द्यायला जीव धजत नाही, मला कळतं. पण त्या पाण्यात डास होतात. डास झाले की रात्री कॉइल लागते. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असं २००३च्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. आमच्याकडे आईच्या पायाशी रोज कॉइल असायची. मच्छरदाणी लावा. मला विचाराल तर पहिले पाचशे रुपये मच्छरदाणीला, मग बाकीचं.

हिरव्या दिव्याबद्दल तुम्ही विचारलंय. या मशीनमधला स्वस्त सेन्सर धूर, बारीक कण बरे ओळखतो. मोंढ्याची, रस्त्याची, शेताची जाड धूळ त्याला नीट दिसतच नाही. ती खाली बसते आणि केरसुणी फिरली, पोरं पलंगावर उड्या मारायला लागली की उडते. शिवाय हिरवा कुठल्या आकड्यापर्यंत दाखवायचा हे कंपनी ठरवते. आपल्या देशाचं पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१पासून १५. दोन्हींमध्ये चौपट फरक. मशीन आकडा दाखवत असेल तर आकडा बघा, रंग सोडून द्या.

आम्ही काय केलं ते सांगतो, तुमच्या घराला कितपत लागू पडेल ते तुम्हीच बघा. कूलर बेडरूमच्या खिडकीतून काढून हॉलमध्ये नेला. संध्याकाळी दारं उघडी ठेवून तो सगळं घर गार करतो. साडेदहाला बंद. मग बेडरूमचं दार-खिडकी लावून प्युरिफायर अर्धा तास फुल, तोपर्यंत लेकरू हॉलमध्ये. अर्ध्या तासात बंद खोलीतली जवळपास सगळी उडती धूळ निघते. झोपताना मधला वेग, छताचा पंखा चालू. 'स्लीप मोड' मला पटत नाही. आवाज कमी होतो कारण हवाच कमी ओढली जाते, आणि नेमके आठ तास आपण त्याच्या भरवशावर असतो. मेच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पंख्यावर भागत नाही, तेव्हा मी प्युरिफायर सरळ बंद करून पिशवीत घालायचो आणि कूलर लावायचो. उकाड्याने लेकराला झोपच लागली नाही तर स्वच्छ हवा घेऊन काय करायचं? एसी असेल तर प्रश्नच मिटतो, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. आम्ही तो पुढच्या वर्षी घेतला. दुसरं मशीन मेहुण्याला दिलं.

बंद खोलीचं एक सांगून ठेवतो. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही, ऑक्सिजनही बनवत नाही. चार माणसं एका खोलीत सगळं घट्ट लावून झोपली की सकाळी डोकं जड होतं. हॉलकडचं दार दोन बोटं उघडं ठेवा.

प्युरिफायर दिल्लीवाल्यांसाठी, असं इथे कुणीतरी म्हणेलच. जालना, लातूर, संभाजीनगर ही तिन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या, यादीत घेतली गेली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, खिडक्या आपोआप बंद असतात तेव्हा, या मशीनचा मला खरा फायदा दिसला. गाजर गवत फुलतं त्या पावसाळ्याच्या शेवटाला माझ्या स्वतःच्या शिंकाही कमी झाल्या. मशीन वाईट नाही. आपण ते चुकीच्या महिन्यात, चुकीच्या सोबतीने लावलं.

घेताना मी एकच गोष्ट बघतो, जी जाहिरातीत नसते: लाईट जाऊन आल्यावर मशीन आपोआप चालू होतं का? टच बटणाची बरीचशी मशीनं होत नाहीत. आपल्याकडे रात्री लाईट दोनदा जाते, मशीन बाराला बंद पडलेलं असतं आणि सकाळी आपण म्हणतो उपयोग नाही. दुकानात प्लग काढून परत लावून बघा. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर बंद ठेवा, काहींमधून ओझोन निघतो आणि तो श्वसनाला त्रासच देतो. हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारा आतला मुख्य फिल्टर, पाण्याने धुऊ नका, धुवायची ती फक्त बाहेरची जाळी. आणि सध्याच्या उन्हाचा उपयोग करून घ्या. गाद्या, उशा, वाकळ गच्चीवर दिवसभर टाका, संध्याकाळी बाहेरच झटका. या एका कामाने आमच्याकडे दोन्ही मशीनांपेक्षा जास्त फरक पडला. मुलाचा अनुभव सांगतोय, सगळ्यांचा तसाच असेल असं नाही.

मी डॉक्टर नाही. पण मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी पंप, म्हणजे तोंडाने ओढायचा इनहेलर, दिला तर द्या. 'पंपाची सवय लागते' हे मला चार नातेवाइकांनी सांगितलं आणि मी दीड महिना पंप कपाटात ठेवला. सवय लागत नाही. मशीन आलं म्हणून पंप बंदही करू नका, ते डॉक्टरच ठरवतील.

आज रात्रीच एक करा. मशीनचा फिल्टर काढून नाकाशी धरा. ओल्या पोत्यासारखा वास आला तर तो गेला, नवा घ्यावाच लागेल. पण कूलर खिडकीतून निघेपर्यंत नवा पाकिटातून काढू नका.