सव्वा लाखाचे फोटो काढावेत का?

'मावशी, मी बेळगावातल्या वडगावची. बाबांचे चार माग आहेत, मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. माघात लग्न आहे, सासर खानापूरकडचं. फोटोवाल्यानं प्री-वेडिंग, कॅन्डिड, ड्रोन आणि दोन अल्बम मिळून सव्वा लाख सांगितलेत. निम्मे माझ्या साठवलेल्या पैशातून जाणार. बाबा म्हणतात, मामाच्या पोराकडं भारी मोबाइल आहे की! माझे होणारे हे म्हणतात, लग्न एकदाच होतं. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही.'

अगं, झोप लागण्यापुरतं आधी सांगते. फोटोग्राफर घे, सव्वा लाखाचा घेऊ नकोस.

माझं लग्न १९८४ सालचं, शहापुरात दारात मांडव घालून झालेलं. फोटोवाला एकच, ३६ फोटोंचे दोन रोल. त्यातल्या एका रोलात उजेड शिरला आणि तो गेला. उरलेल्यात आहेर देणारे पाहुणे झाडून सगळे आहेत, आणि माझे बाबा नाहीत. पंगतीच्या एका फोटोत कडेला आमटीची बादली धरलेला हात तेवढा दिसतो, मनगटावर एचएमटीचं घड्याळ. ते बाबा. चेहरा चौकटीच्या बाहेर राहिला.

म्हणून मामाच्या पोरावर सोडू नकोस. मोबाइल भारी असेल, पण ते पोर पाहुणं आहे. ते जेवणार, वरातीत नाचणार आणि अंतरपाट दूर होताना दोन्ही हातांनी अक्षता टाकत असणार.

आता कात्री. प्री-वेडिंग आधी काढ. गाऊन उडवायला गोव्याच्या किनाऱ्यावर जायचं म्हणजे चोर्ला घाटातून गाडी, कपडे, मेकअपवाली, जेवणखाण. हे सगळं सव्वा लाखाच्या बाहेरचं, आणि ते कुणी आधी सांगत नाही. ड्रोन तर मला हसूच येतं. लग्न कार्यालयात, म्हणजे तो वरून पत्रे आणि पार्किंग दाखवणार. शिवाय आपल्याकडं सांबऱ्याचा विमानतळ, कॅम्पात लष्कर. परवानगी कुणी काढली ते विचार, फोटोवाला विषय बदलेल. दुसरा अल्बमही नको. आमच्या सुनेचा उचलायला दोघं लागतात, म्हणून तो कपाटावरून खालीच येत नाही.

राहिलेला पैसा चांगल्या हाताच्या एका माणसावर घाल, हळदीपासून पाठवणीपर्यंत. निवडक दहा फोटो बघून भुलू नकोस, एका लग्नाचे सगळे फोटो मागून बघ. तेही कार्यालयातल्या पिवळ्या दिव्याखालचे, हात तिथं कळतो. तो स्वतः येणार की हाताखालच्या पोराला पाठवणार, तेही विचारून घे. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून आकडा सांगायला लाव. सगळं कागदावर घे, शेवटचा हप्ता फोटो हातात आल्यावर दे. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळं 'मूळ फाइली देत नाही' असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नकोस, आणि सही करण्याआधी कागद नीट वाच.

होणाऱ्या नवऱ्याशी मात्र आजच बोल. रुसून नको, वही पुढ्यात ठेवून आकडे मांड, अकाउंट्सवाली आहेस. ड्रोन हवाच असेल तर तो त्यांच्या खिशातून उडू दे. ऐकून घेतील असं मला वाटतं, आणि नाही घेतलं तर ते माघाच्या आधी कळलेलं बरं.

फोटोग्राफरला आदल्या दिवशी एक चिठ्ठी दे: आजी, आत्या, बाबांच्या मागावरचे जुने कारागीर, ज्यांना स्टेजवर कुणी बोलवत नाही अशी सगळी नावं. आणि मामाच्या पोरालाही काम दे. वाढपातून बाबांना ओढून कॅमेऱ्यापुढं आणायचं, हातातली बादली काढून घेऊन.